परीक्षेचं चालणं, घरचं चालणं

वीस-एक वर्षं मी शाळेत पोरांची शारीरिक क्षमता मोजली. हातात स्टॉपवॉच आणि तोंडात एकच वाक्य, "रेषेला पाय लावून वळा!" पोरं कुठं कुठं चोरी करतात हे मला पाठ होतं. रेषेच्या हातभर अलीकडूनच वळायचं, वाकून बोटं टेकवताना हळूच गुडघे मोडायचे, लांब उडीच्या आधी बूट घासून रेषाच पुसून टाकायची. मी खेकसायचे. आमची शाळा छावणीच्या बाजूला, मैदान मोठं, आणि माझा आवाज मैदानात मावत नाही असं सगळे म्हणायचे. त्यामुळं स्वतःची क्षमता मोजून घ्यायची पाळी आली तेव्हा मला वाटलं, आपल्याला कोण काय शिकवणार?

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. चार वर्षांपूर्वी एका सकाळी डाव्या डोळ्यापुढं धुकं आलं. मग डाव्या पायाला मुंग्या आल्या, आणि मग तो पाय माझं ऐकेनासा झाला. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं की मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवरचं आवरण जागोजागी झिजतं, त्यामुळं निरोप नीट पोचत नाही. सासूबाई सोबत होत्या. त्यांनी आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली, "सूनबाईच्या वायरिंगचा प्राब्लेम हाय." सोयगावच्या, म्हणजे सासरच्या सगळ्या नातेवाइकांत माझा आजार आता याच नावानं ओळखला जातो. धाकट्या दिरानं तर फोनवर विचारलं, "वहिनी, फिटिंग बदलून झाली का?" मी हसले. न हसून करते काय.

औषधं सुरू झाल्यावर बरंच आटोक्यात आलं. बाहेरून बघणाऱ्याला मी धडधाकट दिसायचे, आणि खरी पंचाईत तीच होती. सकाळी दहापर्यंत मी जुनीच मी. ऊन चढलं की पाय शिशासारखा जड व्हायचा, नजर अंधुक व्हायची, आणि दुपारी असा थकवा यायचा की जेवलेलं ताट उचलून मोरीत ठेवणं नको वाटायचं. झोप काढली की जातो तसला हा थकवा नव्हे. उष्णतेनं या आजारात पाय आणखी रुसतो, हे कळायला मला एक अख्खा उन्हाळा लागला. आणि आमच्या संभाजीनगरचा उन्हाळा काय असतो ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको.

शाळेत मी हे दिसू दिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलींच्या खो-खोच्या संघाला सूर कसा मारायचा हे पूर्वी मी स्वतः दाखवायचे. ते बंद केलं आणि ज्या मुलीला तो उत्तम जमतो तिलाच पुढं करू लागले. कुणाला काही वाटलं नाही. पण एप्रिलमध्ये सरावाच्या वेळी दोन खांबांच्या मधे माझा पाय अडकला आणि मी पडले. मागून पळत येणारी मुलगी माझ्यावरून कोसळली. तिचं मनगट मोडता मोडता वाचलं.

मुख्याध्यापिका बाई भल्या आहेत. ओरडल्या नाहीत, उलट चहा मागवला. म्हणाल्या, "जूनपासून तुम्ही मैदानावर असाल की ग्रंथालयात, हे मी एकटी ठरवणार नाही. तुम्हाला किती झेपतं ते फिजिओथेरपिस्टकडून लिहून आणा. मग बघू."

ग्रंथालय! पुस्तकांशी माझं वैर नाही, पण त्या खोलीत पंखा कुरकुरतो आणि मुलं जांभया देतात. मला मैदान हवं होतं. मैदान गेलं तर मी कोण, हे मला खरंच माहीत नव्हतं. शिवाय मुलींचा संघ त्या वर्षी पहिल्यांदाच जिल्ह्याला खेळण्याजोगा झाला होता. एकेक पोरगी निवडून मी तो उभा केला होता, आणि तो दुसऱ्याच्या हाती द्यायची माझी तयारी नव्हती.

नवरा म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण कशाला? बस की निवांत ग्रंथालयात." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तपासणीची तारीख मिळाली आणि घरात परीक्षेचा हंगाम सुरू झाला. सासूबाईंनी सोयगावात शेती सांभाळून तीन मुलं शिकवली, नोकरीला लावली. परीक्षेला बसणाऱ्यानं कामाला हात लावायचा नाही, हा त्यांचा तेव्हापासूनचा कायदा. त्यांनी मला कपबशीसुद्धा उचलू दिली नाही. कूलर माझ्या खोलीत आणवला, त्यात स्वतः पाणी भरत राहिल्या. मीही काही कमी नव्हते. ऊन चढायच्या आत जायचं म्हणून सकाळची पहिलीच वेळ मागून घेतली. नवऱ्यानं शेजाऱ्यांची एसीची गाडी आणली. निघताना सासूबाईंनी माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली, म्हणाल्या, "जा. पयला नंबर आण." आणि स्वतःच आधी गाडीत जाऊन बसल्या.

यात काही चुकतंय असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. परीक्षेला माणूस तयारी करूनच जातो.

फिजिओ मॅडम वयानं लहान होत्या, माझ्या हाताखालून दहावी होऊन गेल्या असत्या एवढ्या. चेहरा मात्र न्यायाधीशाचा. त्या मला मॅडम म्हणत होत्या, मी त्यांना. आधी त्यांनी हाताची पकड मोजली. मग एका पाटीतल्या भोकांत बारीक खुंट्या बसवायच्या आणि परत काढायच्या, असा प्रकार होता. उजव्या हातानं मी तो झरझर केला. डाव्या हातातून एक खुंटी निसटून टेबलाखाली गेली, आणि सासूबाई ती शोधायला वाकल्या.

"आजी, राहू द्या. ती त्यांनाच काढायचीय," मॅडम म्हणाल्या.

"तिला कशाला तरास?" म्हणत सासूबाईंनी खुंटी काढून माझ्या हातात दिलीसुद्धा. 

शेवटी चालणं. लांबलचक व्हरांडा, दोन टोकांना दोन नारिंगी शंकू, आमच्या मैदानावर असतात तसलेच. सहा मिनिटं त्यांच्यामधून ये-जा करायची. पळायचं नाही, पण होईल तेवढं जास्त अंतर चालायचं. थांबावंसं वाटलं तर थांबायचं, घड्याळ मात्र थांबणार नाही. मॅडमनी बाकांवर बसलेल्यांना बजावलं, "मधे कुणी बोलायचं नाही. काय बोलायचं ते ठरलेलं असतं आणि ते मीच बोलणार." बाकावर छावणीतले एक निवृत्त फौजी होते, दुखरा खांदा धरून बसलेले. शेजारी एक खाला, म्हणजे मुसलमान मावशी, होत्या, अर्धांगवायू झालेल्या नवऱ्याला घेऊन आलेल्या. आणि आमच्या सासूबाई.

पहिल्या फेऱ्या झकास झाल्या. एक मिनिट झालं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "छान चालताय, पाच मिनिटं राहिली." आवाज अगदी सपाट, बसस्टँडवर गाडी लागल्याचं सांगतात तसा. नंतर कुठंतरी माझं डावं पाऊल फरशीला घासलं, आणि ते सासूबाईंनी ऐकलं. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं कुणी चालताना अडखळतंय आणि बघणारा गप्प बसलाय, असं कधी पाहिलंय?

"चल गं माझे बाई, चल! लई थोडं राह्यलं!" त्या उठून उभ्याच राहिल्या.

झालं. फौजींनी मांडीवर ताल धरला, "लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट, शाब्बास!" खाला म्हणाल्या, "रुको नक्को बाजी, बस जरासाच है!" त्यांच्या नवऱ्याला बोलता येत नव्हतं, तर तो चांगल्या हातानं बाकावर थापा मारू लागला. मॅडम "शू, शू" करत होत्या, पण ऐकतंय कोण. आणि मला काय, एवढे प्रेक्षक मिळाल्यावर अंगात वारंच शिरलं. मी अशी चालले की वेळ संपली तेव्हा व्हरांड्यात टाळ्या पडल्या. सासूबाईंनी पदरानं माझा घाम टिपला आणि मॅडमना विचारलं, "झाली ना पास?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "फार छान चाललात. पण हे मला लिहिता येणार नाही."

"का?" माझा आवाज चढला.

"हे तुमच्या एकटीचं चालणं नाही, मॅडम. सगळ्यांनी मिळून चालवलंय तुम्हाला." मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "काल घरी काय काय काम केलंत?"

उत्तर सासूबाईंनी दिलं, आणि मोठ्या अभिमानानं दिलं. कूलर, गाडी, विश्रांती, दही-साखर, काहीही वगळलं नाही. "कपबशी उचलू दिली नाय मी तिला. व्हय, तिलाच इचारा."

मॅडम सासूबाईंजवळ गेल्या. मग त्यांच्याशी फार सौम्यपणे बोलल्या. "आजी, तुम्ही खूप केलंत त्यांच्यासाठी. पण मला यांचा सणाचा दिवस मोजायचा नाही, रोजचा मोजायचाय. या आकड्यावरून मी व्यायाम ठरवला तर आठवड्याभरात त्या आडव्या होतील." माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात दुपारी चारला या. स्वयंपाक, कपडे, जे रोज करता ते सगळं करून. रिक्षानं या."

मे महिन्यात, दुपारी चारला! मी भडकले. "तुम्हाला मला मुद्दाम नापास करायचंय का?"

"इथं पास-नापास नसतं."

"मग मी शाळेत काय दाखवू?"

"जे असेल ते," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

गाडीत मी घरापर्यंत धुमसत होते. राग जास्त याचा होता की त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. उताराकडं पळून काढलेली वेळ मी कुठल्या पोराची कधी धरली नव्हती. नवऱ्यानं गाडी चालवता चालवताच तोडगा काढला, "माझ्या ओळखीचे एक आहेत. ते देतील लिहून, पुन्हा चालायचीही गरज नाही." त्याचा हेतू चांगला होता. घरी पोचल्यावरही मी हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. तो सगळा आठवडा मला एप्रिलमधली ती मुलगी दिसत राहिली, माझ्यावरून पडून मातीत हात टेकलेली. तिची आई शाळेत आली होती तेव्हा भांडायला आली नव्हती, मला लागलं का ते विचारायला आली होती. ओळखीच्या माणसाचं नाव पुन्हा निघालं तेव्हा मी नको म्हणाले.

ठरल्या दिवशी सगळा स्वयंपाक केला, कपडे धुऊन गच्चीवर वाळत घातले. दुपारी रोजच्यासारखी आडवी झाले आणि रोजच्यासारखीच थकवा न जाताच उठले. सासूबाई चपला घालून दारात उभ्या. मी म्हटलं, "आई, तुम्ही नका येऊ. तुम्हाला गप्प बसवत नाही."

"मी येनार. तोंड शिवून बसते, मग तर झालं?"

रिक्षाचं सीट तापलेलं होतं आणि वारा तव्यावरून आल्यासारखा. दवाखान्याच्या पायऱ्या चढतानाच पाय बोलायला लागला. व्हरांड्यात या वेळी कुणी नव्हतं, कोपऱ्यात एक जण बाकावर झोपला होता एवढंच. सासूबाई बसल्या आणि त्यांनी खरोखरच पदराचा बोळा करून दातांत धरला. खुंट्यांच्या वेळी डाव्या हातानं दोनदा दगा दिला. दोन्ही वेळा मीच खाली वाकून त्या शोधल्या, आणि त्यांनी फक्त मान दुसरीकडं वळवली.

मग चालायला लागले. पहिलं मिनिट बरं गेलं. नंतर डावं पाऊल घासायला लागलं, आणि व्हरांड्यात त्या घासण्याशिवाय दुसरा आवाजच नव्हता. मिनिटामिनिटाला मॅडमचं तेच ठरलेलं वाक्य, तसंच सपाट. चार वर्षांत माझं चालणं मी कधी ऐकलं नव्हतं. आजूबाजूला कायम कुणी ना कुणी बोलत असायचं, सगळ्यात मोठ्यानं मीच. शंकू होता तिथंच होता, पण मला तो लांब लांब जाताना दिसत होता. वळताना तोल गेला. शेवटी भिंतीला हात लावला आणि उभी राहिले.

"थांबलात तरी चालेल," मॅडम म्हणाल्या. "जमेल तेव्हा निघा."

मी समोर बघितलं. सासूबाईंनी बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. पदर तोंडातच होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या बाईला मी एवढा वेळ गप्प बसलेली पाहिली नव्हती. भिंत सोडली आणि पुन्हा निघाले. वेळ संपली तेव्हा मी व्हरांड्याच्या मधेच कुठंतरी होते, धड या टोकाला नाही की त्या. मला वाटलं होतं, आता लाज वाटेल. ती वाटली नाही. राग मात्र होता, पण या वेळी तो पायावर होता, मॅडमवर नव्हता.

मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नीट समजावून सांगितलं. पायात ताकद आहे, पण ती पुरत नाही. व्यायाम थोडा थोडा, गारव्यात, मधे बसून करायचा. काही महिन्यांनी पुन्हा याच वेळी, याच व्हरांड्यात चालायचं, म्हणजे कुठं पोचलो ते कळेल. मग त्यांनी शाळेसाठी लिहून दिलं: सकाळच्या वेळी, सावलीची सोय असेल तर आणि अधूनमधून बसता येत असेल तर मैदानावर काम करू शकतात; दुपारच्या उन्हात नाही; पळणं आणि झटकन वळणं टाळावं.

"आणि खो-खोचा संघ?" मी विचारलं.

"ते मी कसं सांगू? मला खो-खोतलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच हसल्या. "ते तुम्हीच सांगू शकता."

परतताना रिक्षात सासूबाईंनी चुरगळलेला पदर मांडीवर सरळ केला. छावणीचा बाजार आला तेव्हा एकदम म्हणाल्या, "मला वाटायचं, दुपारची तू निजतीस. चांगली तास-दोन तास. शेजारणीला म्हनलेबी मी एकदा, आमची सून दुपारची उठतच नाय."

ते मला माहीत होतं. भिंती पातळ आहेत आमच्या. दोन वर्षं ते वाक्य माझ्या मनात काट्यासारखं सलत होतं, आणि मी कधी तसं दाखवलं नव्हतं.

"निजत नव्हतीस गं तू," त्या म्हणाल्या. "पडून ऱ्हात व्हतीस. सांगायचं नाय का मग?"

"काय सांगायचं, आई? दिसत तर काहीच नाही."

"आज दिसलं."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो थोडा वेळ धरू दिला, मग रिक्षा थांबवून एक भलंमोठं टरबूज घेतलं, मांडीवर ठेवलं आणि घरापर्यंत रिक्षावाल्याशी भावावरून बोलत राहिल्या.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी मी मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. त्यांना मनापासून बरं वाटलेलं दिसत होतं. "म्हणजे मैदान तुमचंच. पाचवी-सहावीचे सकाळचे तास देते तुम्हाला, आणि त्या कडुलिंबाखाली एक खुर्ची ठेवायला सांगते." मग त्यांनी कागद पुन्हा एकदा पाहिला. "संघाबद्दल यात काही नाही. सराव संध्याकाळी असतो, तोवर ऊन उतरतं. मग ठेवायचा ना तुमच्याकडं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. कागदात आडवं येणारं काही नव्हतं, बाई आडव्या येणार नव्हत्या. पण संध्याकाळी पाचला माझ्या मागं अख्खा दिवस असतो, आणि तेव्हाचा पाय कसा असतो ते मी ऐकून आले होते. खो-खोच्या सरावात शिकवणाऱ्या बाईनं दोन खांबांच्या मधे असावं लागतं. मुलगी जिकडं वळेल तिकडं वळावं लागतं, आणि मुख्य म्हणजे तिच्या वाटेतून बाजूला होता यावं लागतं. एवढ्या वर्षांत मी किती पोरींना निवडीच्या रांगेतून बाहेर काढलं असेल. रडल्या त्या रडल्या, मी विरघळले नाही.

"संघ नव्या सरांना द्या," मी म्हणाले. गेल्या वर्षी आलेले तरुण सर होते आमच्याकडं, थोडे लाजाळू, पण पायांनी चपळ.

"एवढी घाई नको," बाई म्हणाल्या. "यंदाची जिल्हा स्पर्धा होऊ दे. एवढी मेहनत घेतलीत तुम्ही. कोण काय म्हणणार आहे?"

"बाई, मी निवडीला उभी राहिले असते तर मी मला घेतलं नसतं."

 मी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि नव्या सरांना सांगायच्या गोष्टी सांगू लागले. कुठल्या मुलीचा गुडघा जपायचा, कुणाला ओरडलेलं खपत नाही, कुणाच्या अंगात ओरडल्याशिवाय पळणं येत नाही, आणि ती जी एप्रिलमध्ये माझ्यावरून पडली तिला पहिल्या तुकडीतच उतरवायचं, ती घाबरत नाही. सांगता सांगता मला रडू आलं. बाईंनी पाण्याचा पेला पुढं सरकवला, पण मी तो घेतला नाही. अजून चार मुलींचं सांगायचं राहिलं होतं.